घूलेच्या घरातल्या मुली

केफ, १२ ऑक्टोबर १९९७

चि. दलेंदास,
मबरूकामावशीचे अ. उ. आ. वि. वि.

परवा कुसकुस चाळत बसले होते. रेडिओवर तुझं नाव आलं आणि चाळण हातात तशीच राहिली. मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांत यंदाचं पहिलं बक्षीस दलेंदा शमाम यांना, असं तो निवेदक म्हणाला. मी हयातला म्हटलं, ही आपलीच दलेंदा, जिला नाक पुसायचासुद्धा कंटाळा यायचा. तिला पटेना. तिचं म्हणणं, पुस्तकं लिहिणारी माणसं मेलेली असतात, कारण शाळेच्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे कंसात दोन सालं असतात. तू जिवंत आहेस हे पटवायला मला भिंतीवरचा तुझा फोटो काढून दाखवावा लागला.

हयात आता चौथीत आहे. गणित चांगलं, अक्षर कोंबडीच्या पायाचं. जेवताना अजून तुमचाच खेळ मागते. तिचा हात धरायचा, एकेक बोट तोंडाशी न्यायचं आणि विचारायचं, हे खाऊ की ते खाऊ. एवढी घोडी झाली तरी खिदळते. तिच्या कायमच्या ताब्याचे कागद बालकल्याण खात्यात पडून आहेत. तिथे नवीन बाई आली आहे, ती म्हणते तुमचं वय झालं. मी म्हटलं, वय तुमचंही होईल बाई, त्याचा कागद कुठे करतात.

पुस्तकाची एक प्रत पाठव. चष्मा नवीन आहे, वाचीन. रऊफला आशीर्वाद, छोट्या इनेसच्या दोन्ही गालांना पापे. सासूबाईंना सलाम सांगायचा की नाही ते तुझ्या सोयीने बघ.

माया आहे, ती तशीच ठेव.
तुझी
मबरूकामावशी


ट्यूनिस, ३ नोव्हेंबर १९९७

ती. मावशीस,
दलेंदाचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. शाळेत माझे तास वाढलेत, त्यात या बक्षिसामुळे कोण ना कोण बोलावतं. रऊफ मजेत. इनेसचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे ती कोणाशी हसत नाही, हात तोंडावर धरून बोलते.

पुस्तकाच्या प्रती सध्या संपल्या आहेत. नव्याने छापून आल्या की बघू. खरं सांगायचं तर तुला ते आवडायचं नाही. गोष्ट घूलेची आहे, माणसं खाणाऱ्या बाईची. तीच, जिचं नाव काढून तू आम्हाला दुपारी झोपवायचीस. फक्त माझी घूला हल्लीच्या काळातली आहे, इमारतींच्या गावात राहते. हल्ली मोठ्या मुलांना असलं काळं, भीतीचंच लागतं. तू उगाच डोळे शिणवू नकोस.

सोबत लोकर पाठवते आहे, हयातच्या स्वेटरला पुरेल. केफची थंडी मला आठवते.

तुझा लोभ माझ्यावर असतोच, तो राहो.
तुझी
दलेंदा


केफ, २९ नोव्हेंबर १९९७

प्रिय दलेंदास,
मुंजियाताईचे आशीर्वाद. वि. वि.

प्रती संपल्या म्हणे. आमच्या औषधाच्या दुकानाला लागून जो पुस्तकवाला आहे त्याच्या काचेत थप्पी लागली आहे, वर पाटी, ‘आपल्या केफच्या कन्येची कादंबरी’. मी घेतली आणि दुकानात बसूनच वाचून काढली. नवरा दोनदा विचारून गेला की कोण गेलं.

तुझी घूला कशी दिसते? डावा गाल वितळून गोठलेल्या मेणासारखा. डावा डोळा अर्धा मिटलेला. कमरेला किल्ली. गावाच्या वरच्या अंगाला निळ्या दाराचं घर, जिन्याची तिसरी पायरी फुटकी. कपड्यांच्या टोपलीतून ती कोणाला नको असलेली पोरं घरी आणते, न्हाऊ घालते, केस विंचरते, आणि जेवताना त्यांची बोटं तोंडाशी नेऊन विचारते, हे खाऊ की ते खाऊ. आणि एक दिवस खरंच खाते. शेवटी तुझी नायिका बाहेरून कडी लावते आणि आतल्या बाकीच्या मुलींनाही न उठवता निघून जाते. तू फक्त नाव बदललंस गं. मावशी लग्नाच्या वर्षी स्टोव्हच्या भडक्यात भाजली आणि नवऱ्याने सोडली, तेवढं लिहायचं राहिलं.

आता इथलं ऐक. शाळेत मास्तरांनी पुस्तक वर्गात वाचून दाखवलं. दुसऱ्या आठवड्यापासून पोरं मावशीच्या दाराशी जमायला लागली. गेल्या गुरुवारी कोणीतरी बाहेरून कडीत तार पिळली. मावशी आणि हयात अर्धा दिवस आत. मावशी ओरडली नाही. रॉकेलवाला आला तेव्हा त्याने तार सोडवली. ती मला म्हणाली, वारा फार होता, कडी पडली असेल. वाऱ्याने तार पिळली असेल म्हणून मी पण मान डोलावली. बाजारात जाताना ती आता अंगावरच्या सफसारीचा पदर डाव्या गालावर दातात धरते. इतक्या वर्षांत मी तिला चेहरा झाकताना पाहिलं नव्हतं.

हयातची नखं कापायला तिने हात धरला तर पोरीने हात ओढून पाठीमागे घेतला.

तुला ट्यूनिसच्या समुद्राच्या वाऱ्यात विसरायला झालं असेल, म्हणून लिहिते. मला मशिदीच्या पायरीवरून आणलं, तुला इस्पितळाच्या मागच्या दारातून. आई कोण, बाप कोण, दोघींनाही ठाऊक नाही. आपण बहिणी आहोत त्या तिच्या एका ताटात जेवलो म्हणून, आणि ती मावशी आहे ती आपण म्हणतो म्हणून. माझ्या सासरी हे सगळ्यांना माहीत आहे. तू तुझ्या सासरी सांगितलंस की आईबाप अपघातात गेले आणि सख्ख्या मावशीने वाढवलं. ते तुझं तू बघ, मी कधी तोंड उघडलं नाही. पण जिच्या टोपलीतून आलीस तिलाच दात लावलेस, हे मला गिळवत नाही.

रऊफना नमस्कार. इनेसला जप.
मुंजियाताई


ट्यूनिस, ८ डिसेंबर १९९७

ती. मुंजियाताईस,
दलेंदाचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र शाळेत आलं ते बरं झालं. घरी आलं असतं तर तोंड कुठे लपवलं असतं कळत नाही. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला मुलांना नुसतं शुद्धलेखन घातलं.

मला माहीत होतं. म्हणून तर तिला प्रत पाठवली नाही. लिहिताना मी स्वतःला सांगत होते की गाल बदलीन, पायरी बदलीन, दाराचा रंग बदलीन. बदललं की पान मरायचं. परत होतं तसं केलं की त्यात जीव यायचा. मग तसंच राहू दिलं. ताई, मला मावशीची भीती कधीच वाटली नाही. मला भीती वाटायची ती एक दिवस मला परत देऊन टाकेल याची. जिन्यावर कोणाचीही पावलं वाजली की मी कपाटामागे जायचे, आठवतं ना. ते पुस्तकात लिहायची लाज वाटली, म्हणून दात तिला लावले. सगळे म्हणतात की या पुस्तकातली भीती किती खरी आहे. बक्षीस देणारेही तेच म्हणाले. मी स्टेजवर मान खाली घालून उभी होते, लोकांना वाटलं विनय.

केफच्या शाळेला मी लिहिलं आहे. सुट्टीनंतर येते आणि मुलांना समजावून सांगते की घूला मनातली आहे, तिचा कोणाशी संबंध नाही. लेखिकेनेच सांगितलं तर मुलं ऐकतील. तोवर मावशीला यातलं काही बोलू नकोस.

रागावलीस तरी मला टाकू नकोस.
तुझी
दलेंदा


केफ, १८ जानेवारी १९९८

दलेंदास,
आशीर्वाद. वि. वि.

सकाळच्या लुआज टॅक्सीने आलीस, दुपारच्या लुआजने गेलीस, आणि वर घराकडे फिरकलीही नाहीस. मावशीने बोर्झगान केलं होतं. मटण, खजूर, सुका मेवा, सगळं. कोणासाठी केलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शाळेचा शिपाई रोज तिच्या दारावरून जातो, त्याच्याकडून तिला कळलं असणार.

शाळेत काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण बाहेरून कसं दिसलं ते मी सांगते. तू उभी राहून म्हणालीस की माझ्या पुस्तकातली घूला म्हणजे वरच्या घरातल्या मबरूकाबाई नव्हेत. तोपर्यंत अर्ध्या शिक्षकांच्या ते डोक्यातही नव्हतं. नाव तू घेतलंस. मग ती सोनाराची मुलगी उठली आणि तिने साळसूदपणे विचारलं की मग तुम्हाला त्या घराचं आतलं सगळं कसं माहीत. तू हातातल्या खडूकडे बघितलंस. आणि म्हणालीस की मी एकदा तिथे पाहुणी म्हणून गेले होते.

खिडकीजवळच्या बाकावर हयात बसली होती. तुझा फोटो रोज बघणारी.

ती घरी गेली आणि मावशीला म्हणाली की ती बाई म्हणते ती इथे पाहुणी होती. मावशी तिला म्हणाली, बरोबर आहे, सगळ्याच मुली पाहुण्या असतात. हे मला हयातने सांगितलं, मावशीने नाही.

आता खरी अडचण. काही आईबापांनी खात्याकडे अर्ज दिला की त्या घरात मूल ठेवणं योग्य नाही. नवीन बाईला तेवढंच हवं होतं. ती येऊन गेली. हयातला विचारलं, तुला इथे भीती वाटते का. पोरगी काहीच बोलली नाही, आणि बाईने ते न बोलणं लिहून घेतलं. आता हयातला दुसऱ्या गावच्या वसतिगृहात हलवायचं म्हणतात. मार्चमध्ये न्यायाधीशांपुढे सुनावणी आहे.

मी वकिलाकडे जाऊन आले. तो म्हणाला, त्या घरात वाढून मोठ्या झालेल्या मुली उभ्या करा, दुसरा इलाज नाही. मी उभी राहणार. पण माझं काय, मी गावातली, रोज तिच्याकडे जाणारी. म्हणतील ही तिच्या बाजूचीच. बाकीच्या कुठे आहेत ते मावशी सांगत नाही. मी हात जोडले तर म्हणाली की ज्या मुलींनी आपलं येणं झाकून संसार मांडला, त्यांच्या दारात मी कागद पाठवणार नाही.

घूला तू लिहिलीस. ती कोण नव्हती हे तूच सांगायला हवं, आणि यावेळी खरं.

मुंजियाताई


केफ, ९ फेब्रुवारी १९९८

चि. दलेंदास,
मबरूकामावशीचे अ. उ. आ. वि. वि.

मुंजियाने तुला काय काय लिहिलं असेल त्याची कल्पना आहे. तिची जीभ लहानपणापासून हरीसाच्या तिखट चटणीची. तू मनाला लावून घेऊ नकोस.

पुस्तक मी मिळवलं आणि हयातकडून वाचून घेतलं. नवा चष्मा आहे, पण म्हटलं, पोरगी एकटीने वाचून घाबरते त्यापेक्षा माझ्याजवळ बसून वाचू दे. पहिले काही दिवस ती चुलीच्या पलीकडे बसून वाचायची. अवघड शब्द आला की मी सांगायची. घूला लहान मुलीला खाते तिथे ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, कशाबरोबर खाल्लं असेल, हरीसाबरोबर की नुसतंच. ती हसली नाही, पण पुढे वाचलं.

छान लिहितेस. गाल माझाच आहे, त्यात काही खोटं नाही. मला आरशात जे दिसतं तेच तू लिहिलंस, मी तक्रार कुठे करू. मला एकच खटकलं. एवढ्या मुली त्या घरातून जातात, कोणी पळून, कोणी पोटात. पण एकही मुलगी तिला भेटायला परत येत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत वाट बघितली.

सुनावणीसाठी येऊ नकोस. तुझ्या सासूबाई मोठ्या घरातल्या, असल्या गोष्टींना आपल्याकडे काय म्हणतात ते मी जाणते. तू शाळेत शिकवतेस, तुझी मुलगी मोठी होते आहे. आपल्या घरात जन्माची चौकशी कधी झाली नाही, ती आता माझ्या पायी व्हायला नको. हयातचं जे व्हायचं ते होईल. तिचे कपडे मी धुऊन, नावं घालून ठेवलेत.

इनेसचे दात आले का ते कळव.
तुझी
मबरूकामावशी


ट्यूनिस, १ मार्च १९९८

ती. मावशीस,
दलेंदाचा सलाम. वि. वि.

इनेसचे दात आले. एक थोडा वाकडा आहे.

काल मी घरात सांगितलं. रऊफला आधी एकट्याला सांगायचं ठरवलं होतं, पण सासूबाई चहा घेऊन तिथेच बसल्या आणि मला वाटलं आता थांबले तर परत वर्ष जाईल. इस्पितळाचं मागचं दार, टोपली, तू, मुंजियाताई, सगळं सांगितलं. रऊफ उठून गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा एवढंच म्हणाला की इतकी वर्षं माझ्यापासून का लपवलंस, मी असा वाटलो का. सासूबाईंनी कप विसळला, पालथा घातला आणि खोलीत गेल्या. आज त्या माझ्याशी बोलत नाहीत. स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकमेकींना वाट देतो, एवढंच.

मला वाटत होतं की मला माझ्या जन्माची लाज वाटते. काल बोलताना कळलं, ती कधीच जुनी होऊन गेली होती. आता वाटते ती वर्गात पाहुणी म्हणाले त्याची. हयात माझ्याकडे बघत होती. तिने नजर वळवली नाही. मीच वळवली.

तू येऊ नकोस म्हणालीस, पण मी येणार आहे. यावेळी आधी घरी येईन. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

लोभ मागायचा हक्क नाही, तरी मागते.
तुझी
दलेंदा


केफ, ५ एप्रिल १९९८

चि. दलेंदास,
मबरूकामावशीचे अ. उ. आ. वि. वि.

तू गेल्यावर लिहायला बसणार होते, पण खात्याचे कागद, सह्या यात दिवस गेले. हयात माझ्याकडे राहिली. कागद हातात आला. मला काही झालं तर मुंजियाने तिला सांभाळायचं असं त्यात लिहून घेतलंय. मुंजिया म्हणते, म्हातारीला काही होत नाही, मलाच आधी होईल. नवीन बाई माझ्याशी अजून फणकाऱ्यानेच बोलते, पण परवा तिने हयातला शाळेत कसं चाललंय ते नीट विचारलं.

गावात सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. पोरं अजून कोपऱ्यावरून ओरडून पळतात. ट्यूनिसच्या पेपरात तुझ्या साक्षीबद्दल आलं ते न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचलं म्हणे. कोणी वाईट बोललं, कोणी चांगलं. सोनाराच्या बायकोने मात्र तबूना भट्टीतल्या ताज्या भाकरी पाठवल्या, त्यांच्यावर काही चिठ्ठीबिठ्ठी नव्हती. आम्ही खाल्ल्या. तुझ्या सासूबाईंनी तुझ्या हाती मला खजूर पाठवले होते, त्याबद्दल त्यांना काय लिहू ते सुचत नाही. त्या अजून तुझ्याशी बोलत नसतील तर घाई करू नकोस. त्यांनी ते खजूर निवडून पाठवले होते, एकही किडका नव्हता.

हयात तुझ्याबद्दल फारसं बोलत नाही. तू माफी मागितलीस तेव्हा ती काय म्हणाली ते तिने मला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. तुम्हा दोघींमधलं आहे ते.

एक गोष्ट मात्र मला लिहायलाच हवी, त्यापायी मला झोप लागत नाही. न्यायाधीशांनी तुला विचारलं की या बाई तुमच्या कोण. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस की माझी आई.

दलेंदा, मी तुम्हा कोणालाही तो शब्द शिकवला नाही. मुंजिया पहिल्यांदा बोलायला लागली तेव्हा तिने तो मला म्हटला होता, मी तिचं तोंड धरून मावशी म्हणायला लावलं. ती रडली होती. मग तुम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून तेच शिकवलं. लोकांना वाटलं मी हिशेबी आहे, पोरींना अंतरावर ठेवते. तसं नव्हतं. मला वाटायचं, कुठेतरी एक बाई आहे, जिने तुला त्या मागच्या दाराशी ठेवलं. ती एक दिवस शोधत आली तर तिच्यासाठी निदान एक शब्द कोणी न वापरलेला, कोरा असावा. तुमच्या आयांचा तो शब्द मी सांभाळत होते. कोणाची आई आली नाही, पण मी तो कधी हाताळला नाही.

तिथे मला उठून सांगायला हवं होतं की साहेब, मी आई नाही, चूक दुरुस्त करा. मुंजियाने माझ्याकडे बघितलंसुद्धा, तिला वाटलं मी बोलणार. मी पदर नीट केला आणि गप्प बसले. मला ते ऐकायला आवडलं. कोणा दुसऱ्या बाईचं ठेवायला दिलेलं आपण वापरलं असं वाटत होतं, आणि तरी आवडलं. परत येताना मुंजिया बडबडत होती, मी खिडकीबाहेर बघत होते, की माझा चेहरा तिला दिसू नये.

याची मला लाज वाटते. तुला सांगितलं, दुसऱ्या कोणाला सांगवत नाही.

उन्हाळ्यात इनेसला घेऊन ये. माया आहेच.
तुझी
मबरूका